बत्तीघर, जागा क्रमांक सात

कंपनीने मला सतरा रकाने दिलेत.
वस्तीचं उत्पन्न, हमरस्त्यापासूनचं अंतर,
दर्शनी काच किमान बारा मीटर,
शेजारी कॉफीचं दुकान असल्यास दोन गुण जास्त.
सहा जागा पाहून झाल्या. सगळ्या मॉलमधल्या,
पार्किंगमध्ये उतरलं की शहराचं नाव विसरावं अशा.

सातवी बितॉमच्या टोकाला,
बंद पडलेल्या खाणीच्या आवारात.
फेब्रुवारी. बर्फ इथे अजून करडाच पडतो
की माझ्या डोळ्यांना तशी सवय आहे, कोण जाणे.

किल्ल्यांचा जुडगा घेऊन आलोयझी पिका आला.
न विचारताच म्हणाला,
"एकोणचाळीस वर्षं इथे. खाली फक्त दोनदा गेलो.
माझं काम वरचं. बत्त्या चार्ज करायच्या."

चार्ज हा शब्द त्याने असा उच्चारला
जसं कुणी म्हणावं, कोंबड्यांना दाणे टाकायचे.
आमच्या एकाही जाहिरातीला हे जमलेलं नाही.

भिंतभर लोखंडी चौकटी, ओळीने आकडे,
प्रत्येक आकड्यावर एक आकडा, पांढऱ्या रंगात, हाताने लिहिलेला.
"पाळी सुटली की परत यायच्या. काळ्या, कोमट.
पुसून टांगायचो. पहाटेपर्यंत पोट भरलेलं."

आणि एखादा आकडा रिकामा राहिला तर?
(हा प्रश्न कुठल्याच रकान्यातला नव्हता.)

"तर मी घरी जात नसे."

मी लेसरने लांबी घेतली. उंची घेतली.
काच बसेल; पूर्वेची भिंत पाडावी लागेल.
मग पाणसळ ठेवली, आणि बुडबुडा
कोपऱ्यात जाऊन बसला, शिक्षा झालेल्या मुलासारखा.
आलोयझीने खिशातून अक्रोड काढला,
फरशीवर ठेवला.
अक्रोड थांबला जरासा, मग निघाला,
अडखळत, कूस बदलत, थेट दारापर्यंत.

"खाली पोकळ आहे," तो म्हणाला.
"अख्खं शहर बसतंय, थोडं थोडं.
आम्ही कपाटांखाली पुठ्ठे सरकवतो.
सूप वाढलं की एका काठाला जातं.
पाहुणे घाबरतात. आम्ही त्या काठाने चमचा घालतो."

फरशीचा उतार: कमाल अर्धा टक्का.
खाली काय आहे, याला रकाना नाही.

निघताना त्याने माझ्या गाडीभोवती एक फेरी मारली,
हात न लावता.
एका पोटात किती जाते?
चारशे किलोमीटर, मी म्हणाले.
"नात ग्लिवित्सेला असते. वीस किलोमीटर.
तेवढंसुद्धा तिला होत नाही."
आणि वीज कुठून येते?
भिंतीतून, मी म्हणाले.
तो हसला. इतका हसला
की चौकटींमधले दोन-तीन आकडे किणकिणले,
किंवा ते किल्ल्यांचं असेल.
मला उशिरा कळलं.
त्या भिंतीमागे कोण उभं होतं, कोळशाने माखलेलं,
ते त्याने नावानिशी ओळखलं असतं.

अहवालात सातव्या जागेपुढे फुली.
कारण: उतार.
चौथी मंजूर झाली, विमानतळाच्या रस्त्यावरची,
शेजारी कॉफी, मे महिन्यात फुगे.
मला बक्षीस म्हणून आणखी नऊ शहरं मिळाली.

आमच्या इमारतीच्या आवारात चार्जिंगच्या अकरा जागा आहेत.
त्या रात्री गाडी लावली, हिरवा ठिपका लागला,
जिना चढून आले, बटाटे उकडायला ठेवले,
आणि सहज खिडकीतून मोजलं. नऊ.
बटाट्यांत सुरी घालून पाहिली, पुन्हा मोजलं.
दहावी साडेनऊला आली.
अकरावी कुणाची, मला माहीत नाही.
पडदा ओढायचा राहिला तो राहिलाच.